अरबी क्रियापदं आणि सलीमची आई

म्हैसूर स्टेशनवर उतरलो, तेव्हा पिशवीत परिषदेत वाचायचा माझा निबंध होता : अरबी आणि इंग्रजी क्रियापदांची तुलना. आयुष्यभर पुण्यात अरबी शिकवली ती पुस्तकातून. अरबाशी एक वाक्य बोललो नव्हतो. पण ऐट अशी, की जणू अरबस्तानातच जन्मलो!

तिथल्या विजयनगर भागात पद्मक्कांकडे मुक्काम होता. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं मराठी शिंपी घराणं. त्यांनी उप्पिट्टु (उपमा) वाढलं. ते ताव मारून खाल्लं आणि परिषदेला गेलो.

तिथे सांगितलं, "अरबीत 'कतबत' म्हटलं की 'तिने लिहिलं' झालं. 'ती' क्रियापदाच्या पोटातच बसलेली. इंग्रजीत नुसतं 'रोट' म्हणून थांबा, लोक विचारतील, कुणी?" तोवर दोघे उठून गेले. तिसरे झोप लागल्यामुळे राहिले.

संध्याकाळी परतलो, तर पद्मक्का वाटच बघत होत्या. वरच्या खोलीत त्यांचा भाडेकरू सलीम, येमेनहून शिकायला आलेला.

"अण्णा, ह्याच्या आईशी तुम्हीच बोला की. तापात वाळला म्हणून परत ये म्हणते. आता ऊटा (जेवण) चांगलं करतोय, पण तिला पटतच इल्ला (नाही)."

"मोठ्या माणसाचं ती ऐकेल, सर," सलीम इंग्रजीत म्हणाला. "नाहीतर माझी पदवी अर्धीच राहील."

फोनवर आई दिसताच मी घसा खाकरला आणि शुद्ध ग्रांथिक अरबीत सुरू झालो, "हे आदरणीय माते, आपल्या सुपुत्राविषयी आपणांस कळवण्यात येते की..."

बाईंनी हंबरडाच फोडला. सलीमने फोन हिसकावला.

"सर, असं आमच्याकडे फक्त बातम्यांत बोलतात! तिला वाटलं, मी गेलो!"

हात्तिच्या! माझ्या व्याकरणाने त्या माउलीचा जीवच घेतला असता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सगळे प्रत्यय गिळले, सलीमच्या ताटातला रागी मुद्दे (नाचणीचा उंडा) कॅमेऱ्यासमोर धरला आणि ओरडलो, "याकुल! कसीर!" (खातो! खूप!) सलीमने मोठा घास घेतला. आई रडता रडता हसायला लागली. शेवटी त्याला म्हणाली, राहा तिथेच, पदवी घेऊनच ये.

पुण्यात परतलो. कुलूप काढलं, माझी वाट बघणारं घरात कुणी नसतं. तेवढ्यात फोन वाजला. सलीमकडून नंबर घेऊन त्याच्या आईने पाठवलेला आवाजी निरोप, माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोललेला : "वसल्त? अकल्त?" (पोचलात? जेवलात?)

इतकी वर्षं अरबीत राहिलो, पण त्या भाषेत माझी चौकशी कुणी केली नव्हती. डोळे भरून आले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि त्या बाईंशी खोटं बोलवेना. आधी कुकर लावला, जेवलो आणि मगच उत्तर धाडलं.