गोड पाण्याची शंका

सहावीच्या वर्गात नद्यांचा धडा चालू होता आणि नितीनचा, माझ्या मामेभावाचा, फोन आला. "ताई, बाबा गेले..." एवढंच बोलला. फळ्यावरचा नकाशा मी तसाच गुंडाळला आणि टेमघरच्या शाळेतून रिक्षानं मामाचं गाव, अंजूर गाठलं. त्याला आता दीड महिना झाला. गजामामा हा माझ्या आईचा सख्खा भाऊ. तो गेल्याचं दुःख आहेच, पण खरं सांगू? मला इतकं छळून छळून प्रश्न विचारणारं आता कुणी उरलं नाही, याचा जास्त राग येतो.

मामाचं आयुष्य खाडीवर गेलं. शेतावर गोदामं उभी राहिली, नितीनचे टेम्पो धावू लागले, तरी मामाची होडी सुटली नाही. मी भूगोल शिकवते म्हणून त्यानं मला सर्वज्ञ ठरवून टाकलं होतं. "सांग गो बाय, आपली उल्हासबी पच्चिमेला जाते, नर्मदाबी पच्चिमेला जाते. मंग लोका तिचीच परिक्रमा का करतान? हिची का न्हाय?" मी म्हणायचे, गंगेत न्हाल्यावर पाप जातं, नर्मदा नुसती दिसली तरी जातं, अशी श्रद्धा आहे. "ता मनाबी ठाव हाय. का, ता सांग!" शेवटी पासष्टी उलटल्यावर, एका दिवाळीनंतर, तो स्वतःच उत्तर शोधायला ओंकारेश्वराहून पायी निघाला.

नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि तिची धार कुठेही ओलांडायची नाही, हा परिक्रमेचा मुख्य नियम. दक्षिण काठानं पश्चिमेला चालत राहिलं की समुद्र लागतो. तिथे नदी संपली असं मानतात, म्हणून नावेनं पलीकडे जायला मुभा असते. मग उत्तर काठानं अमरकंटकला जायचं, उगमाला वळसा घालायचा आणि ओंकारेश्वरी परत यायचं. सोबतच्या कुपीतलं नर्मदेचं पाणी महादेवाला वाहिलं की परिक्रमा पुरी. मामा सगळं चालला आणि कुपी तशीच घेऊन घरी आला!

मामीनं मला बोलावून घेतलं. मामा ओटीवर मान खाली घालून बसला होता. "नावंत बसलू नं पानी चाखला," तो म्हणाला. ही खाडीतल्या माणसाची खोड. भरती कुठवर चढली ते मामा पाण्यात बोट बुडवून, जिभेला लावून सांगायचा. बाकी सगळे हात जोडून "नर्मदे हर" म्हणत होते आणि आमच्या मामानं बोट बुडवलं! "गोड लागला गो. म्हंजी तो दर्या नवता. मी मैयाला वलांडली." नावाड्यानं समजावलं, सोबतच्या साधूंनी समजावलं, पण पुढची सगळी वाट तो ही शंका घेऊनच चालला. मोडलेल्या परिक्रमेचं पाणी देवाला कसं वाहायचं? "नदी नक्की संपते कुठं, ता तू शोध," त्यानं मला बजावलं.

आज बघू, उद्या बघू करत मी श्रावण आणला, ही माझी चूक. पाऊस थांबलेला बघून आम्ही दोघं होडीनं खाडीत गेलो. वरचं पाणी गोड होतं. मग एका बाटलीला दगड आणि दोरी बांधली, बुचाला दुसरी दोरी लावली, बाटली तळाला सोडून बूच ओढलं. ते पाणी चाखून मामा थू थू करत हसायला लागला. खारट! गोडं पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि समुद्र खालून आत शिरतो. "मामा, तुझ्या नावेखाली दर्याच होता!" मी ओरडले. मामानं बाटलीला बूच लावलं. "हा अंजूरचा झाला. तिथला कशावरनं?" दिवाळीनंतर बाटली घेऊन दोघांनी तिकडे जायचं ठरलं... आश्विनात तो झोपेतच गेला.

बाराव्याला मामीनं मला देव्हाऱ्यापाशी नेलं. कुपी तिथेच होती. "बाय, तू शिकलेली हाय. झाली का गो यांची परिक्रमा?"

मला माहीत नव्हतं, आजही नाही. मामाला न तपासलेलं उत्तर चाललं नसतं.

"झाली, मामी," मी म्हणाले.

मामीनं कुपी पदरानं पुसून नितीनच्या हातात दिली. "ओंकारेश्वराला जा. यांचा पानी वाहून ये," म्हणाली, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.