मर्यादा दलाची पाटी

"मॅडम, यह आप ही पोंछ दीजिए. आप लोगों के हाथ को तो आदत होगी."

संचालकांनी थिनरची बाटली माझ्यापुढे सरकवली. दोन सहकारी हसले. एकाने हसू लपवायला चहाचा कप तोंडाला लावला. लखनऊच्या या संग्रहालयात मी जुन्या वस्तूंचं जतन करते. शिकून आलेय मी, फडकं घेऊन नाही!

टेबलावर पत्र्याची पाटी होती. कडेने सुरेख वेलबुट्टी. मधोमध लाल हिंदी अक्षरं: आमच्या जातीच्या माणसाने विहिरीवर पाय ठेवला तर पाय तोडला जाईल. जातीचं नाव धडधडीत लिहिलेलं. खाली ग्राम मर्यादा दल आणि त्याच्या प्रमुखाचं नाव. त्या प्रमुखाचा नातू नव्या दालनाच्या उद्घाटनाला पाहुणा म्हणून येणार होता. म्हणून अक्षरं पुसायची आणि उरलेली वेलबुट्टी लोककला म्हणून टांगायची. वा रे वा!

ही पाटी एका म्हाताऱ्या बाबांनी गावाहून आणून दिली होती. तिच्यापायी त्यांच्या भावाचा पाय गेला होता. मला म्हणाले होते, "सँभालकर रखना, बिटिया. नहीं तो लोग कहेंगे, ऐसा कुछ हुआ ही नहीं."

नकार देणं परवडणारं होतं का? नाही. कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. जानकीपुरमला भाड्याची खोली, घरात आई, मुलीची शाळा. नागपूरला परत जाऊन खायचं काय? मी कापूस थिनरमध्ये बुडवला आणि प्रमुखाच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर फिरवला.

लाल रंग कापसावर उतरला. बोटांना लागला.

लिहिलं त्यांनी. पाय तोडला त्यांनी. आणि पुसायचं मी? संतापाने डोळ्यांत पाणी आलं. बाटलीला बूच लावलं. रंग धरून ठेवणारा लेप काढला आणि राहिलेल्या एकेका अक्षरावर दिला.

संध्याकाळी संचालक आले. "यह तो वैसा का वैसा है! नौकरी नहीं करनी क्या?"

"करनी है, सर. यही तो मेरी नौकरी है."

बहुतेक मला काढतील. आईला काय सांगू, सुचत नाही. पाटीही गोदामात टाकतील. टाकू देत. ते फिकटलेलं शेवटचं अक्षर मात्र मी रंगाने भरणार नाही. कोणी विचारलं तर सांगेन, बाकीची अक्षरं त्या पाहुण्याच्या आजोबांच्या वेळची, आणि हा डाग आजचा. तो कोणी पाडायला लावला, त्याचं नावही सांगेन.