हाताला यश देणारी

किडनीवरची गाठ रोबोटने काढणार, हे ऐकल्यापासून माझी देवावरची श्रद्धा डळमळली होती, असं सांगितलं तर लोक हसतील. पण झालं होतं खरं तसंच. माझी डावी किडनी मुतखड्यांनी पूर्वीच निकामी केलेली, आणि गाठ निघाली ती नेमकी उजवीवर. ती किडनी अख्खी काढावी लागली तर जन्मभराचं डायलिसिस. गाठ तशीच राहू द्यावी तर कॅन्सर पसरणार. रोबोटच्या मदतीने नुसती गाठ काढून किडनी वाचवायचा प्रयत्न करता येईल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं.

आमच्या घरात डॉक्टर निवडताना एकच गोष्ट पाहतात, त्याच्या हाताला यश आहे की नाही. आता माणसाचा हातच लागणार नसेल तर यश यायचं कुठून? रोज महालक्ष्मीपुढे दिवा लावताना मी तिला हेच विचारायची, आणि उत्तर येत नाही म्हणून तिच्यावरच रुसून बसायची. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. "काहून घाबरून राहिली तू? होते ना सगळं चांगलं," एवढंच म्हणायचे आणि स्वतः मात्र अर्ध्या ताटावरून उठायचे.

शेवटी मी माझाच उपाय शोधला. खंडेनवमीला आमच्याकडे विळी-अडकित्त्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. मग ज्या यंत्रावर माझा जीव टांगलेला, ते कोरडं कसं राहील? ऑपरेशनच्या सकाळी तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरून निघताना मी देवीपुढचं कुंकू कागदाच्या पुडीत बांधून घेतलं. दवाखान्याचा झगा घातल्यावर पुडी मुठीत लपवली. नर्सने पाहायचं ते पाहिलंच. "अम्मा, ये अंदर नहीं जाएगा," ती म्हणाली. बोलली हळूच, पण मला असं रडू फुटलं की आवरेना. मुलीच्या वयाच्या त्या नर्ससमोर मी लहान पोरीसारखी हुंदके देत होते.

तेवढ्यात ऑपरेशन करणारे डॉक्टर मला भेटायला आले. कुंकू कोणाला लावायचं होतं, असं त्यांनी विचारलं. मशीनला, मी म्हटलं. ते हसले नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसले.

"माताजी, मशीन अपने आप कुछ नहीं करती. मैं थोड़ी दूर बैठकर उसे अपनी उँगलियों से चलाता हूँ. जैसे मेरा हाथ मुड़ेगा, वैसे ही वो मुड़ेगी."

आतलं सगळं मोठं होऊन दिसतं, अडचणीच्या जागी बारीक टाके घालता येतात, छिद्रं लहान म्हणून दुखणंही कमी, असं त्यांनी समजावलं. रक्तस्राव आवरला नाही तर पोट उघडावं लागेल, हेही लपवलं नाही. मग त्यांनी आपणहून माझ्यापुढे मान वाकवली. "मुझे लगा दीजिए. अंदर जाने से पहले धो लूँगा."

त्यांच्या कपाळाला बोट टेकलं आणि इतक्या दिवसांची माझी धडधड थांबली. का थांबली ते मला सांगता येणार नाही. आता तू जाण, एवढंच मी देवीला म्हटलं आणि आत गेले.

शुद्धीवर आले तेव्हा हे उशाशी होते, डोळे लाल. "तुही किडनी वाचली वं," म्हणाले. पोटावर लहान लहान छिद्रं होती. ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या हवेने खांदा दुखायचा, तेवढीच काय ती तक्रार. दुसऱ्या दिवशी सुनेच्या आधाराने मी चालले, आणि थोड्याच दिवसांत घरी आले.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. मला वजन उचलायची, वाकायची अजून मनाई. सून इथल्याच बीरगांवची, छत्तीसगढी घरातली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. आजवर देवींना साडी नेसवायला मी कोणाला हात लावू दिला नव्हता. यंदा खुर्चीत बसून नुसतं सांगत होते.

"निरी थोडी वर घे."

"इतना, मम्मीजी?"

"अजून थोडी."

"हव."

पितळी मुखवटे बसले. दोघी देवी उभ्या राहिल्या, अगदी दरवर्षीसारख्या. हे दारातून बघत म्हणाले, "यंदा तू त हातबी नाही लावला, पण तुह्याच हातचं वाटून राह्यलं."

मी खुर्चीतूनच देवींकडे पाहिलं. डॉक्टरही असेच दूर बसले होते. त्यांच्या बोटांनी यंत्राचे हात हलले, माझ्या सांगण्याने सुनेचे. आणि डॉक्टरांची बोटं कोणाच्या भरवशावर हलली असतील? ऑपरेशनआधी रोज जिला विचारून विचारून मी रुसले होते, ती समोर नवी साडी नेसून उभी होती. आई, तुझे उपकार कसे फेडू?

देवींना कुंकू लावून झाल्यावर मी सुनेला जवळ बोलावलं. तिने कपाळ पुढे केलं. कपाळाला लावलं, आणि मग तिचे दोन्ही तळहात माझ्या मांडीवर घेऊन त्यांनाही लावलं.