पळपुट्या उभा राहतो

माझी थोरली बहीण हट्टी आहे, हे मी कौतुकानं सांगत नाहीये. तिच्या हट्टापायी मला जेवढा मनस्ताप झाला, तेवढा माझ्या सासरच्या सगळ्या गोतावळ्यानं मिळूनही दिला नाही. पन्नाशी उलटलेली बाई. जिना चढताना गुडघे कुरकुरतात. आणि या वयात तिनं घोडा अंगावर घेतला.

एका रायडिंग क्लबात ती दर रविवारी हौसेनं जायची. तिथल्या म्हाताऱ्या, शहाण्या घोड्यांवर बसून रिंगणात फेऱ्या मारायची, तोवर आम्ही काही बोलत नव्हतो. मग क्लबात एक उंच, तांबडा, अस्सल जातीचा शर्यतीचा घोडा आला. शर्यतीत सारखा मागं पडायचा म्हणून मालकानं काढून टाकलेला. क्लबाला फुकट मिळाला आणि फुकटातही नकोसा झाला, कारण त्याच्यावर कुणाला धड बसताच येईना. ताई म्हणाली, "मी शिकवते त्याला." भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, घोडा न बघताच त्याचं नाव ठेवलं पळपुट्या. तेच पुढं सगळ्यांच्या तोंडी बसलं.

ताईची नोकरी एका हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात. बिनखिडकीची खोली, जड दार, दाराच्या मागं खुंटीला शिशाचे एप्रन. दिवसभर ती माणसांना प्लेटला छाती लावून उभी करते आणि काचेआड जाऊन तेच ते सांगते, "श्वास घ्या. धरा. हलू नका. आता सोडा." रडणारी पोरं, खेकसणारे आजोबा, 'मला ठाऊक आहे' म्हणणारे बडे लोक, सगळे तिच्यापुढं गुमान उभे राहतात. आणि हे एक जनावर मात्र उभं राहायला तयार नव्हतं. ते तिला फार झोंबलं.

घोड्यावर चढायला क्लबात लाकडी पायऱ्यांचा एक ठोकळा होता. ताई त्यावर चढून रिकिबीत पाय घालायची, की पळपुट्या चालू पडायचा. एक पाय रिकिबीत, दुसरा ठोकळ्यावर, आणि मधे माझी बहीण! कसंबसं बसलंच, तर मग तो थांबायचा नाही. क्लबाचे मुख्य शिक्षक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, कुंपणापासून ओरडायचे, "ओढा मॅडम! लगाम ओढा! आणखी ओढा!" ही ओढायची. ही जितकी ओढायची, तितका तो मान पुढं घालून सुटायचा. एका रविवारी असाच सुटला, वळणावर ताई उडाली आणि कुंपणाच्या खांबाशी जाऊन पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. एक्स-रे तिच्याच खोलीत निघाला. तिच्या हाताखालची मुलगी "मॅडम, हलू नका" म्हणाली, तर ही म्हणते, "मला शिकवतेस?"

"फिटली हौस?" भाऊजींनी विचारलं. मी तर त्याहून वाईट बोलले. ते इथं लिहीत नाही.

मग सर घरी आले. क्लबाच्या कमिटीनं ठरवलं होतं, की हाड जुळल्यावर एकदा चाचणी घ्यायची. कुणीही धरलेलं नसताना घोडा ठोकळ्याशी उभा राहिला पाहिजे, फेरी मारून सांगितल्यावर थांबला पाहिजे. नाही जमलं तर त्याला पाठवून द्यायचं.

"कुठं?" ताईनं विचारलं.

सर चहाच्या कपात बघत राहिले. कुणालाही नको असलेला, चांगला तगडा घोडा कुठं जातो, हे आम्हा दोघींना त्या गप्प बसण्यातून कळलं. त्या क्षणी मला त्या घोड्याची पहिल्यांदा दया आली आणि ताईचा आणखी राग आला, कारण आता ती माघार घेणार नव्हती.

हात झोळीत असतानाच तिनं मला शर्यती बघायला नेलं. म्हणजे गाडी मी चालवली. आजूबाजूचे लोक घसा फोडून ओरडत होते आणि ही बया फक्त जॉकींचे हात बघत होती. शर्यतीआधी घोडे गोल फिरवत होते. एकही घोडा थांबवला नाही. चालत्या घोड्यावरच लगाम धरून फिरवणाऱ्या मोतद्दारांनी जॉकींना पाय धरून वर फेकलं. ताईनं मला कोपरानं ढोसलं. मग शर्यत सुरू झाली.

"लगाम बघ. ताणलेला आहे ना? त्याच्यावर भार टाकूनच घोडा पळतोय. आता रेषा ओलांडू दे."

रेषा ओलांडली. जॉकी रिकिबीत उभे राहिले, हात सैल सोडले, आणि घोडे आपोआप मंदावले.

"अगं, पळपुट्याला उभं राहा म्हणून आयुष्यात कुणी सांगितलंच नाही," ताई म्हणाली. "आणि मी थांब म्हणून जे ओढत होते, ते त्याला पळ म्हणून ऐकू येत होतं."

"मग हे तुमच्या सरांना ठाऊक नाही?"

"असेलही. पण ओढायची सवय डोक्याला नसते गं, हाताला असते."

हाड जुळल्यावर ती रोज ड्यूटी संपली की क्लबात जायची. ठोकळ्यावर चढायची आणि नुसती उभी राहायची. घोडा निघाला की न रागावता फिरवून परत ठोकळ्याशी आणायची. मग परत उभी. सर येता-जाता टोमणे मारायचे. "मॅडम, घोड्यावर बसतात. शेजारी नाही."

"तुम्ही बसला होतात ना? तुमच्या पँटची माती अजून गेली नाही," ताई म्हणायची.

मी थर्मास घेऊन कुंपणाशी बसायचे आणि ताई नि घोडा, दोघांनाही शिव्या घालायचे. पुढं पुढं तिनं खोगिरावर नुसता हात टेकला, मग पोट टेकलं, मग रिकिबीत पाय घालून परत काढला. तिच्या ध्यानात आलं, की आपण श्वास धरला की तो निघतो. सोडला की राहतो. कधीतरी एका संध्याकाळी ती वर बसली आणि तो कान हलवत तसाच उभा राहिला. मी कपातला चहा बुटांवर सांडला.

चाचणीच्या दिवशी वारा सुटला होता. कमिटीची माणसं खुर्च्यांवर, भाऊजी माझ्या शेजारी. ताई वर बसली तेव्हा पळपुट्या खिळल्यासारखा उभा होता. फेरीही छान चालली होती. तेवढ्यात तबेल्याचं पत्र्याचं फाटक धाडकन आपटलं आणि तो उधळला.

"ओढा!" सर ओरडले. "ओढ!" भाऊजी ओरडले. सगळं माहीत असून मीसुद्धा तेच ओरडले.

ताईनं दोन्ही हात पुढं नेले आणि लगाम सोडून दिला. पाठ ताठ केली. तिचे खांदे श्वासाबरोबर खाली आलेले मला लांबून दिसले. घोडा अर्धं रिंगण भरधाव गेला, मग त्याची दौड मोडली, मग तो दुडक्या चालीवर आला, मग साध्या चालीवर, आणि कमिटीच्या खुर्च्यांसमोर येऊन उभा राहिला. भाऊजींनी माझं मनगट इतकं आवळलं होतं की वळ उठले.

"नशिबानं थांबला," सर म्हणाले.

ताई उतरली. घोड्याला ठोकळ्याशी नेलं, परत बसली, या खेपेला टाच मारून मुद्दाम दौडवला आणि लगाम सोडला. तो सरांच्या पुढ्यात थांबला. सरांचा हात सवयीनं त्याच्या तोंडाकडं गेला.

"हात काढा, सर."

सरांनी हात काढला. ती उतरली, आणि परत ठोकळ्याकडं निघाली.

"पुरे, मॅडम! घोडा इथंच राहील," कमिटीतले एक गृहस्थ उठून म्हणाले. "पटलं आम्हाला."

"यांना नाही पटलेलं," ताई म्हणाली आणि सरांकडं वळली. "आता तुम्ही बसा."

सगळे बघत होते, त्यामुळं सरांना नाही म्हणता येईना. ते ठोकळ्यावर चढले, लगाम गच्च धरला. पळपुट्यानं एक पाऊल उचललं. माझी बहीण हात पाठीमागं बांधून, रोज काचेआडून बोलते त्याच आवाजात म्हणाली, "हलू नका. श्वास धरलाय तुम्ही. सोडा."