माझ्या सासूची पाचेची ओळ

माझ्या सासूला 'नाही' म्हणता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. आमच्या आचे प्रांतात लग्नानंतर पुरुष बायकोच्या माहेरी राहायला जातो, त्यामुळे तिचा हा भिडस्तपणा मी रोज दोन्ही वेळ भाताबरोबर गिळलेला आहे.

तिचं नाव साल्बिया. आम्ही सगळे माक म्हणतो, म्हणजे आई. परसात फणसाच्या सावलीला, विहिरीच्या सांडपाण्यावर तिनं पाचेची, म्हणजे त्या सुवासिक पानांच्या झुडपाची, एक ओळ जपली होती. डोंगरावरची पाच आम्ही वाळवून तेल काढायला घालतो. परसातली ओळ मात्र लावणीसाठी. पाचेला बी धरत नाही, फांदी तोडून रोवावी लागते, आणि माकची रोपं तिच्या आजीपासून चालत आलेली, निरोगी. गावात कुणाला नवी लावणी करायची असली की तो आमच्या दारात हजर! मागेल त्याला फांदी द्यायची, पैसा घ्यायचा नाही, असा रिवाज. शेजारणीही यायच्या, कोवळे शेंडे खुडायच्या. कुणाला केस धुवायच्या पाण्यात उकळायला, कुणाला कपड्यांच्या पेटीत ठेवायला. मी कुरकुरलो की माक म्हणायची, "अरे, खुडल्यानं दाट होते ती."

एका शुक्रवारी तिचा धाकटा भाऊ, रमानमामा, काखेत जुडी मारून आला. तो तिला पो म्हणतो, म्हणजे ताई.

"पो, हे बघ! पलीकडच्या खोऱ्यातली पाच. पान बघ केवढं, पंज्याएवढं! निम्मी माझ्या शेतात लावली, निम्मी खास तुला."

मी बघितलं. दोन पानं जाड झालेली, चुरडलेली, कडेला लालसर. चुरडा! या रोगाला औषध नाही. उपटायचं आणि जाळायचं, बस्स. माकनंही बघितलं. तिचा अंगठा त्या पानावर थांबला.

"छान आहे रे," ती म्हणाली.

भेट आलेली फांदी देणाऱ्याच्या देखत रोवायची, हाही रिवाजच. ती बाई खुरपं घेऊन उठली आणि ओळीच्या वरच्या टोकाला, जिथून पाणी खाली सगळ्या रोपांना जातं, तिथे रोवायला बसली. मी खाकरलो. पुन्हा खाकरलो.

"यूस्नियार," माकनं माझ्या बायकोला हाक मारली, "नवऱ्याला गरम पाणी दे गं. घसा धरलाय त्याचा."

मामा गेल्यावर मी म्हणालो, "माक, उपटतो मी."

"तो पुढच्या शुक्रवारी बघायला येणार आहे."

"येऊ दे की! सगळी ओळ जाईल अशानं."

"कोंबड्या पाळल्या, मेल्या. कोळंबीचं तळं केलं, वाहून गेलं. पहिल्यांदा काही आणलंय त्यानं माझ्यासाठी. तोंड कसं फुललं होतं, बघितलंस ना?"

"तोंड फुलू दे, रोपं मरू दे!" मी म्हणालो आणि पाय आपटत बाहेर गेलो. कोण ऐकतंय?

मामा दर शुक्रवारी येऊ लागला. कॉफी प्यायची, ओळीशी उकिडवं बसायचं, लहानपणीच्या गप्पा मारायच्या; रोग ओळखायची नजरच नव्हती त्याला. आणि चुरडा एकेक रोप खाली सरकत होता. शेवटी माकनं स्वतःच्या हातानं अख्खी ओळ उपटून जाळली. आजीची रोपं! डोळ्याला पदर लावून धुरात उभी होती. भावाला काय सांगितलं? तर बकऱ्यांनी खाल्ली. जावयानं फाटक उघडं टाकलं.

"काय जावईबापू," मामा भरल्या कॉफीच्या दुकानात म्हणाला, "दाढी आली, पण बकरी आवरत नाही?" सगळं दुकान खिदळलं. मी कपात तोंड खुपसलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तेवढ्यात मामाला औदार्याचा झटका आला. "पोची ओळ गेली तर गेली, माझ्या शेतातून न्या फांद्या! चला!" तीन-चार जण विळे घेऊन निघालेसुद्धा.

मी धावत घरी आलो आणि ओरडूनच सांगितलं. माक तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि अनवाणी निघाली.

मामाच्या शेताच्या बांधावर उभी राहून ती म्हणाली, "कुणी काही नेऊ नका. रमान, ही रोपं आजारी आहेत. तू आणलीस तेव्हाही होती. माझी ओळ यांच्यामुळेच गेली. बकऱ्या नव्हत्या."

मामाचं तोंड पडलं. "मग तेव्हा का नाही बोललीस? मला गावभर मिरवू दिलंस?"

तिनं वाकून पहिलं रोप उपटलं. लोकही पुढे झाले. मामा विळा टाकून निघून गेला.

गावाची पाच वाचली. मामा मात्र शुक्रवारी आला नाही, त्यानंतरच्याही नाही. ईदच्या दिवशी माकनं केळीच्या पानात उकडलेले गोड तिम्फान त्याच्यासाठी वेगळे झाकून ठेवले होते. दुपार टळली तरी ती दाराकडे बघत बसलेली.

मला राहवलं नाही. "पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतंस, तर ओळ तरी राहिली असती!"

"राहिली असती," माक म्हणाली. "आणि रमान त्याच दिवशी गेला असता. ईदखेरीज कधी फिरकायचा का रे तो? इतके शुक्रवार मिळाले मला."

मग तिनं ताटावरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "घे, खा. आता त्याची ईदही गेली."