शपथ न घेऊ देणाऱ्या प्रयागअक्का

मार खाऊन आलेल्या बाईला प्रयागअक्का आधी पाणी देत, तिचा श्वास जागेवर येऊ देत आणि मग विचारत, "कशानं मारलं?"

हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो एका पोलीस ठाण्यात. तेव्हा मी धाराशिवच्या एका दैनिकासाठी गुन्ह्यांच्या बातम्या लिहीत होतो. बाकावर एक बाई बसली होती. तिचा डावा कान फाटला होता, रक्त वाळून पदर खांद्याला चिकटला होता. हवालदारानं कागद पुढे ओढला. "का मारलं नवऱ्यानं?"

उत्तर शेजारी उभ्या असलेल्या अक्कांनी दिलं. "का मारलं ह्याला लई उत्तरं असत्यात साहेब. भाजीत मीठ पडलं, फोन उचलला, पोरगीच झाली. लिवून दमाल. कशानं मारलं ह्याला एकच असतंय. ते आधी लिवा." आणि त्यांनी पिशवीतून पाण्याच्या मोटारीचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. पट्ट्याला केस चिकटले होते.

हवालदारानं खुर्ची मागे सरकवली. "असलं इथं ठेवू नका, बाई."

"हिच्या पाठीवर ठेवलं तवा कुणी न्हाय म्हणलं न्हाय."

मारहाण झालेल्या बायांसाठी अक्का जी संघटना चालवत, तिची ही पद्धत होती. संघटनेतल्या बाया बेंबळीच्या आसपासच्या शेतकरी घरांतल्या. तक्रार आली की त्या भर दुपारी जमून त्या घरी जात. घोषणा नाही, शिवीगाळ नाही. मारायला वापरलेली वस्तू मागून घेत आणि सगळ्यांना दिसेल अशी हातात धरून गल्लीतून ठाण्यापर्यंत नेत. मुसळ, उलथनं, कुऱ्हाडीचा दांडा. एका घरातली सासू मागे धावत आली होती, "आवं, मुसळ नेलं तर आमी कांडायचं कशानं?" अक्का न थांबता म्हणाल्या, "लेकाच्या हातानं कांडा. लई जोर हाय त्याच्या हातात."

अक्का उंच, हाडकुळ्या, आवाज घोगरा. समोरचे दोन दात नव्हते. कुणी विचारलं तर सांगत, "नवऱ्यानं पाडले. त्यो मेला, पर दात काय उगवले न्हाईत." त्या स्वतः हसत. ऐकणारा हसावं की नाही या विचारात पडे.

दर पौर्णिमेला त्या तुळजापूरला जात. देवीवर त्यांची श्रद्धा होती आणि त्यांच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक त्या श्रद्धेतूनच झाली होती. या गावांत नवरा-बायकोचं भांडण मिटवायची जुनी रीत आहे. नवऱ्यानं देवळापुढे बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा तळहातावर घ्यायचा, पुन्हा हात लावणार नाही अशी शपथ घ्यायची. पंचांनी ती मानायची आणि बाईची ओटी भरून तिला नांदायला पाठवायचं. सुरुवातीला संघटनाही हेच करत असे. भंडारा उचलून माणूस खोटं बोलणार नाही, असं या बायांना मनापासून वाटे. ठाण्यातल्या जबाबापेक्षा त्यांचा भरवसा त्या मूठभर हळदीवर होता.

सरू नावाच्या मुलीची ओटी अक्कांनी स्वतः भरली होती. काही आठवड्यांनी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं नवरा म्हणाला. कवटी मागून फुटली होती आणि दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते. अंत्यविधीनंतर अक्कांनी तिची पेटी उघडली. ओटीतला खण घडीसकट तसाच होता, शिवायलाही सवड मिळाली नव्हती.

"तुळजापूरची आई शपथ ऐकती," अक्का मला म्हणाल्या, "हात धरीत न्हाय. हात आमालाच धरावा लागतो." त्यानंतर संघटनेनं एकही शपथ मानली नाही.

वैशालीच्या प्रकरणात या नियमाचीच कसोटी लागली. नवरा बालाजी यानं तुषार सिंचनाच्या लोखंडी पाइपानं तिचा जबडा मोडला होता. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं. तरी तिच्या गावात देवळापुढच्या पारावर बैठक बसली. बालाजीच्या तळहातावर बेल-भंडारा होता. वैशालीचे वडील विश्वनाथ तिचा हात धरून उभे होते. अक्का आणि संघटनेच्या बाया बोलावणं नसताना आल्या. मी त्यांच्याबरोबर गेलो होतो.

गावातल्या एका वडीलधाऱ्यानं सुनावलं, "प्रयागबाई, देवीच्या मधी येऊ नका."

"देवीच्या मधी न्हाय आबा. पाइपाच्या मधी आलेय."

"पोरगी माझी हाय अक्का," विश्वनाथ म्हणाले. "घरात ठिवून काय करू? तो शपथ घेतोय न्हवं?"

"तिला इचारलं का?"

"तिला बोलता कुठं येतंय?"

"ते कुणामुळं, त्ये बगा की."

विश्वनाथांनी मुलीला पुढे केलं. वैशालीनं मान हलवून नाही म्हटलं. अक्कांनी तिला मागे ओढलं, बालाजीचं मनगट धरलं आणि भंडारा आपल्या पदरात उलटा करू लागल्या. त्यानं हात हिसडला. हळद हवेत उडाली. देवळापाशी नारळ फोडायचा दगड होता, तो त्यानं उचलला, हे मला नंतर कळलं.

मी पाराच्या मागच्या बाजूला होतो. मला उठलेला हात दिसला, दगड दिसला नाही. आवाज मात्र ऐकू आला. अक्का वैशालीच्या पायांवर कोसळल्या. बालाजी दुसऱ्यांदा वाकला तेव्हा संघटनेच्या बायांनी त्याला खाली पाडलं. पारावरचे पुरुष उठून उभे राहिले होते. पुढे कुणी आलं नाही.

सोलापूरच्या रुग्णालयात अक्का शुद्धीवर न येताच गेल्या. वैशाली माहेरी आहे. आता ती बोलते.

खटला चालला तेव्हा वैशाली आणि संघटनेच्या बायांनंतर पारावरचे पुरुष एकेक करून साक्षीच्या पिंजऱ्यात आले. प्रत्येकाचं उत्तर सारखंच होतं: डोळ्यांत भंडारा गेला, काही दिसलं नाही. मी उठलेल्या हाताचं तेवढं सांगितलं. शेवटी विश्वनाथ उभे राहिले. त्यांनी हात, दगड आणि घाव तिन्ही सांगितले. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "मुलीला नांदायला पाठवायचं तुम्हीच ठरवलं होतं. खरं ना?"

"खरं हाय साहेब. म्याच तिला त्याच्याकडं ढकलीत हुतो. अक्का मधी आल्या. न्हाय तर असाच दगड पुढं त्याच्या घरात माझ्या लेकीला बसला असता, आन् आज म्या बी म्हणलो असतो, डोळ्यात भंडारा गेला."