नवसाची वेणी

नोकरीत हाताखालून गेलेला मुद्देमाल बहुतेक विसरलो, पण पिकल्या केसांची एक वेणी आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

खबर दिली ती शिवाजी पेठेतल्या, केसांचे टोप बनवणाऱ्या एका कारागिराने. देवीला वाहिलेले केस म्हणून येणारा माल त्याला खटकत होता. आम्ही दलालाच्या गोदामावर छापा घातला. केसांची तीन पोती सापडली.

“देवळातलं दान हाय, साहेब. लिलावात घेतलंय. पावती बघा की!” दलाल म्हणाला. पावती खरी होती. दोन तास चौकशी केली, पठ्ठ्या ढिम्म हलला नाही.

शेवटी पावतीवर नाव असलेल्या, डोंगरावरच्या देवळातल्या न्हाव्याला ठाण्यात बोलावले. त्याने पोत्यातली एक वेणी उचलून टोक निरखले.

“ह्यो आमचा माल न्हाय. आमी डोकं भिजवून वस्तऱ्यानं मुळापासनं काढतो. ह्या मानंपासनं कात्रीनं कापल्यात. आन् देवीपुढं बसलेली बाई आधी वेणी सोडती, साहेब.”

दलालाचा चेहरा पडला. निराधार बायकांच्या एका आश्रमात उवांचे निमित्त करून कापलेले केस तो देवळाच्या पावतीवर खपवत होता. त्याला आणि आश्रमाच्या व्यवस्थापिकेला अटक झाली. माझी पाठ थोपटली गेली, मीही फुशारलो.

आश्रमातली एक म्हातारी, आजऱ्याकडची, जबाबाला आली. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला होता. पिकलेली वेणी तिने लगेच ओळखली. रुसून गेलेली लेक परत आली तर देवीला केस देईन, असा तिचा नवस होता. बातमी वाचून लेक खरोखरच आली.

“माझी वेणी द्या, साहेब. नवस फेडला न्हाय तर पोरगी पुन्ना जाईल.”

“आजी, तो पुरावा आहे. निकाल लागू दे,” मी म्हणालो.

कोर्टाकडे परवानगी मागता आली असती. फोटो होते, पंचनामा होता. पण एका वेणीसाठी कोण अर्ज करत बसतो? ती तीनदा आली, तिन्ही वेळा मी तेच सांगितले. चौथ्यांदा लेक एकटीच आली.

“आई गेली. वेणी तिच्यासंगं द्यायची हाय.”

मी धावतपळत अर्ज लिहिला. हुकूम मिळेपर्यंत अंत्यसंस्कार उरकले होते.

बायकांचे केस न विचारता कापले म्हणून मी दोघांना कोठडीत टाकले. त्या म्हातारीची वेणी मात्र मीच कपाटात कुलूपबंद ठेवली होती. त्याची मला लाज वाटते. हुकूम आल्यावर सील तोडून मी ती लेकीच्या हातात दिली. तिने ती ठाण्याच्या बाकावर बसून, आईने देवीपुढे सोडली असती तशी, हळूहळू सोडली.